सात पॉइंट दोन

धरणगावच्या रस्त्याला, जिनिंगच्या भिंतीलगत
घिसाड्यांची पालं पडली की आमच्या उपकेंद्रात
दिवसभर घणाचा आवाज येतो.
पोटातल्या बाळाचे ठोके ऐकताना
मी तो वगळून ऐकायला शिकले आहे.

जमना पडवळ, वय बावीस, खेप तिसरी, महिना सातवा.
नवरा सांडशीत तापलेलं पातं धरतो,
घण मारते ती.
पाय रुंद रोवून, पोट एका अंगाला सावरून,
ठण्
आणि मग थांबते.
आधी थांबत नव्हती म्हणे.
"घण तोच शे ताई, मनाच दम सरी गया."

बोट टोचलं.
थेंब आला तो लाल म्हणावा तर लाल नव्हता,
धुतलेल्या लुगड्याच्या शेवटच्या पाण्यासारखा.
यंत्र म्हणालं सात पॉइंट दोन.
"कितीमातून?" तिने विचारलं.
बारा धर, म्हटलं. निदान अकरा तरी हवेत.
"म्हंजे पास शे मी."
ती हसली तेव्हा हिरड्या दिसल्या, खडूसारख्या.

तुझ्या अंगातलं लोखंड संपत आलंय, म्हणाले मी,
तर ती वळून पालाकडे बघायला लागली.
तिथे विळे, वखराच्या फाशी, ट्रकचे मोडके पाटे,
उन्हात पालथे घातलेले तवे.
"लोखंड तं आमना घरमा गाडीभर शे."

सासू म्हणाली, ही भट्टीची भाजकी माती खाते, चोरून.
खातेस?
बराच वेळ पदराचं टोक.
"भट्टी इझाडतस ना, तो वास खावासा वाटस."

मग मी माझं सुरू केलं.
सकाळी एक गोळी, रात्री एक. पोटात काही असताना.
कळण्याच्या भाकरीबरोबर पालेभाजी, वर लिंबू पीळ.
गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको.
शौचाला काळं होईल, घाबरू नको.
हे मी इतक्यांदा म्हटलंय
की एरंडोलच्या बसमध्ये झोपेतही म्हणते.

"काळं? मंग लोखंड बाहेरच पडस ना?"
याचं उत्तर प्रशिक्षणात दिलं नव्हतं.
थोडं पडतं, म्हटलं. थोडं राहतं. राहिलेलं बाळ घेतं.
"आनि मना?"

आठ दिवसांत पालं उठली. राखेचे गोल राहिले.
रजिस्टरात 'गोळ्या दिल्या' हा रकाना आहे,
'खाल्ल्या' हा नाही.

फाल्गुनात पुन्हा ठण् ठण्.
पण आता घण दिराच्या हातात,
जमना भात्याशी बसलेली.
एका हाताने चाक फिरवते,
दुसऱ्या हाताने छातीशी मुलगी.
मुलगी ओढते तसं चाक सावकाश होतं,
मुलगी थांबली की निखारा पेटतो.
गोळ्या?
"आते कसाले? बाळंतपण तं व्हई गयं."

बाई, व्हई गयं ते हिचं येणं.
तू जे अमळनेरच्या दवाखान्यात फरशीवर सांडून आलीस
ते कोण भरणार?
अजून सहा महिने. रोज एक.
मी ओरडलेच बहुतेक. दीर घण धरून बघत राहिला.

ती शांतपणे म्हणाली,
"तुनी पोर बी अंगवर पेस ना, ताई?
तू खास का?"

माझी पाकिटं टेबलाच्या खणात, रजिस्टरांखाली.
मुलगी अकरा महिन्यांची आहे.
पहिल्या पाकिटातल्या चार गेल्या आहेत,
चारच.

उत्तर द्यायचं टाळून मी एक कढई उचलली.
तिने तीनशे सांगितले, दोनशे साठला दिली,
वर म्हणाली, तेल लावी ठेव, नही तं गंज खाई टाकी.

रात्री तिच्यात आंबट चुका टाकला.
रंग पार गेला भाजीचा.
नवरा डोकावून म्हणाला, काळी का दिसते?
काळीच असू दे, म्हटलं,
आणि भाकरीचा तुकडा कढईतच फिरवला,
तळाशी, कडेकडेने,
उभ्या उभ्या,
कुणाचं ताट वाढायच्या आधी.