नावे

ऑक्टोबरात तो दाराशी आला तेव्हा
पायपुसण्यावर बूट तीनदा घासले त्याने.
हे मी त्याच दिवशी लिहून ठेवलं.
ट्रॅव्हिस ऑस्टबी, टायरवाला,
बापाच्या कोटात जरा सैल.
हातात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर पाच ओळी:
नवा कर नाही.
नवं खातं नाही.
एक कायदा आला तर दोन जातील.
तुमच्या कुंपणाच्या आत सरकारचं पाऊल नाही.
शब्द म्हणजे शब्द.

मी म्हणाले, पाचवं वचन नव्हे, ती सही झाली.
तो हसला. मी नाही हसले.

एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर हिशेब लिहिले मी.
गव्हाच्या ओलीतला पाव टक्का
सख्ख्या दिरालाही सोडला नाही.
कागद फ्रिजवर डकवला, कोरी वही काढली,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

जानेवारीत हेलेनाला सभागृह भरलं.
इकडे मोंटानाच्या या टोकाला पारा शून्याच्या खाली वीस,
खिडकीवर आतून बर्फ,
आणि मी संगणकावरच्या अडखळत्या चित्रात
त्याचं डोकं शोधते आहे: तिसरी रांग, खांबाजवळ.
केस विणणाऱ्या बायकांना परवाना नको. हिरवा दिवा. जमा.
शेजाऱ्याला कच्चं दूध विकू द्या. हिरवा. जमा.
घोड्यांचे दात कानसणाऱ्याला पदवी हवीच. लाल. तेही जमा.
मग तुरुंगाला नवी इमारत,
आणि त्याचा दिवा हिरवा.
नावे. लाल शाईत, तारखेसकट.

फोन केला. त्याच्या कचेरीतली पोर म्हणाली,
इमारत म्हणजे काही सरकार वाढणं नव्हे, मॅडम.
मी विचारलं, मग ते कुठे राहून वाढतं?

ऑरिन खुर्चीतून म्हणाला,
तू त्याची आई आहेस का सावकार?
बोलताना त्याची जीभ अजून जड पडते.
डावा हात मांडीवर असतो,
कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.

मार्चातला शुक्रवार.
लांबच्या तालुक्यांना रुग्णवाहिका,
त्यासाठी टेलिफोनच्या बिलावर कर,
त्यासाठी एक नवं खातं, त्याला एक संचालक.
सगळ्यांचे दिवे लागले. त्याचा लागेना.
मी घड्याळ पाहिलं: अकरा सेकंद.
मग हिरवा.
एका बटणात कागदावरच्या दोन ओळी गेल्या.

पेन उचललं.
आतल्या खोलीत ऑरिन पाण्यासाठी धडपडत होता, तो आवाज ऐकला,
आणि नावे लिहिलं.
वहीला नवरा नसतो.

मेमध्ये तो परत आला. बूट एकदाच घासले.
म्हणाला, ऐकलंय तुम्ही हिशेब ठेवता, दाखवा.
मी वही पुढे सरकवली.
टायर चढवणारं काळं बोट एकेक ओळ उतरत गेलं,
त्या शुक्रवारशी थांबलं.
मान वर करून त्याने ऑरिनकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मला वाटलं, आता हा ते बोलेल,
आणि बोलला तर मी त्याला बाहेर काढीन.
तो म्हणाला, बरोबर आहे. नावेच.
ऑरिनने चांगल्या हाताने
त्याच्याकडे बिस्किटांची ताटली ढकलली.

तो गेल्यावर शिलकीची ओळ आखली.
जमा एकोणीस, नावे सात, बेरीज दोनदा तपासली.
पण एक नोंद मी कुठेच केलेली नाही.
गेल्या वर्षीची फेब्रुवारी,
स्वयंपाकघराच्या फरशीवर ऑरिन,
आणि अठ्ठावन्न मैलांवरून येणारा एक लाल दिवा.
एकाहत्तर मिनिटं
कुंपणाचं फाटक मी उघडं धरून उभी होते,
बर्फात, घरातल्या सपाता घालून,
या, आत या, असं
रिकाम्या रस्त्याला ओरडत.