पंधराची पट्टी

नितेशची एस्टीम उभ्या उभ्या धापा टाकायची.
काटा पंधराशेवर, मग सातशेवर, पुन्हा पंधराशेवर,
जसं कुणी दारातनं आत यावं,
काही आठवून मागं फिरावं,
पुन्हा यावं.

नवा मॅनिफोल्ड बसवल्यापासून हे.
मॅनिफोल्ड मी ओतलेला.

भाच्याला चोर्ल्याच्या चढाला ताकद पाहिजे होती.
"मामा, कंपनीचे नळ बारीक हाईत, तू मोठे कर की."
पॅटर्न मी सागवानात कोरला,
चार नळ, भोपळ्याच्या वेलासारखे वळत गेलेले.
ओतून झाल्यावर आत बोट फिरवलं
आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

आता उद्यमबागेत, अडिवेप्पाच्या गॅरेजात,
स्टुलावर बसून त्याच्या हातांकडं बघत होतो.
त्यानं ब्रेक बूस्टरची नळी चिमटली. फरक नाही.
क्रँककेसची काढून तोंडावर अंगठा लावला. नाही.
थ्रॉटलचा स्क्रू बघितला, मग नितेशला बघितलं.
"हे कोण फिरवलं?"
नितेश बुटांत काहीतरी शोधत होता.
रोग तसाच ठेवून आवाज तेवढा वाढवायचा,
हे आमच्या गावात सगळ्यांना जमतं.

मग रबरी पाइपचा हातभर तुकडा.
एक टोक कानात, दुसरं इंजिनवर फिरतंय.
बाहेर लेथ ओरडतायत, टेम्पो मागं येतोय,
आणि हा डोळे मिटून.
तिसऱ्या नळाच्या मुळाशी थांबला.
"गाळी," म्हणाला. "गाळी तगोळाकत्तैती."
गाळी म्हणजे वारा. मला ऐकू आलं गळती.
दोन्ही बरोबरच होतं.
चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना असंच
अर्धं चुकीचं ऐकून पुरतं समजत आलोय.

फवारा मारला त्या जागी क्लीनरचा.
काटा एकदम गप्प. चार सेकंद.
मग पुन्हा दारात.

नट सुटले. सरळपट्टी ठेवली तोंडावर, खालून फिलर.
पाचची गेली.
दहाची गेली.
पंधराची अडखळली, मग तीही गेली.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण मला ती रात्र ठाऊक होती.
साचा सकाळपर्यंत ठेवायचा असतो.
मी दीड तासात फोडला,
बस चुकेल म्हणून नाही,
बघायचा होता म्हणून.
वाळू झटकताना हातमोज्यातून चटका लागत होता
आणि तरी मी त्याला दिव्याखाली वळवून वळवून बघत होतो.
तेवढ्यात तो वाकला असणार.
केसाच्या दोन जाडीएवढा.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"इकडं आण," एवढंच म्हणालो.
जाड काच, तिच्यावर एमरी, रॉकेलचे थेंब.
तोंड घासायचं ते आठाच्या आकड्यात, इंग्रजी आठाच्या.
आपल्या आठाला परत यायची वाटच नसते.
अडिवेप्पाच्याही.
राखाडी पाणी निघत राहिलं.
उजळलेला भाग हळूहळू कडेला पोचला,
एक कोपरा मात्र संध्याकाळपर्यंत काळाच,
मनगट दुखलं तेव्हा कुठं तो आला.

नवं गॅस्केट. नट मधून बाहेर, थोडे थोडे.
स्क्रू होता तिथं परत.
बॅटरीची तार काढून ठेवली, चहा होईपर्यंत.
"ते डोक्यात धरून बसलंय सगळं," अडिवेप्पा म्हणाला,
"विसरू दे त्याला."
कॉम्प्युटरबद्दलच बोलत होता, मला वाटतं.

नितेशनं चावी फिरवली. गाडी लागली.
अडिवेप्पानं बॉनेट आपटलं, हात पुसत आला.
नितेशचा मित्र कुठूनसा उगवला,
मामा, बघू दे तरी, म्हणत सीटवर बसला
आणि पुन्हा चावी फिरवली.

खर्रर्र.

चालू गाडीला स्टार्टर.
आम्ही तिघं एकदम ओरडलो त्याच्यावर,
दोन भाषांत,
आणि मी एवढ्या मोठ्यानं हसलो
की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून बघितलं.