ओरखडा

खारघर, रात्रीचे अडीच.
तळोज्याचा उग्र वास फटीतून आत येतो;
कुठून, ते नाक बरोबर सांगतं.

पेशींच्या थरावर दुपारी मी एक रेघ ओढली,
पलीकडे थेंबभर निरोप सोडला.
आता काठावरची एक
पाय नसताना पाऊल काढते,
चाचपते, मागचं टोक सोडवून घेते,
जिकडे निरोप दाट, तिकडे.

नमुना एकेचाळीस. वय छप्पन्न, गाव उरण,
नाव झाकलेलं.

वाईट काही नाही त्या निरोपात.
लहानपणी गुडघा फुटला की हाच जायचा अंगभर:
या गं, इथे उघडं पडलंय.

हिला तो अजून ऐकू येतो.
जखम कुठली, तेवढं
विसरली.

मी वेळ लिहिते,
खिडकी लावते.
वास आतच राहतो.