काळीज उजव्या बाजूला

बेड अकरा. बर्नार्ड हेपवर्थ. वय एकाहत्तर.
उशीखाली कागदी पिशवी, आत काळ्या वड्या,
बंद्या रुपयाएवढ्या, चपट्या, चकचकीत,
प्रत्येकीवर पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्याचा शिक्का.

"घे, लव्ह. आमच्या मातीतली आहे."
फार्मसिस्टनं पेशंटचं खायचं नसतं.
खाल्ली.
आणि जिभेच्या मुळाशी एकदम मिरज,
ठाणेदारांच्या दुकानातली पिवळ्या गाभ्याची काडी,
दाताखाली दोरा दोरा सुटत जाणारी.
त्याची लिकरिश, माझं ज्येष्ठमध.
मी मास्क वर ओढला, गालात गोड दडवलं,
आणि विचारलं, दिवसाला किती?

त्यानं हिशेब दुसराच सांगितला.
त्याची आई कारखान्यात शिक्के मारायची. हातानं.
एकेक गोळी, एकेक दाब, संध्याकाळपर्यंत हजारो.
रात्री ताटलीत उकडलेला बटाटा आला
तरी अंगठा आपसूक खाली जायचा.
हा मात्र खाणीत उतरला.
खाण मिटली तेव्हा पबात उतरला,
तितकाच खोल.

आता स्कॅनमध्ये गाठीगाठींचं, आक्रसलेलं,
कढईतून उशिरा काढल्यासारखं.
"पण ही मुळी लिव्हर राखते म्हणतात ना?"

खोटं कसं म्हणू?
लीड्सला दोन वर्षं मी उंदरांच्या पेशींना विष पाजलंय.
एका ताटलीत नुसतं विष,
दुसरीत विषाआधी मुळीचा अर्क,
ग्लिसरायझिन, साखरेला लाजवणारा रेणू.
सकाळी पहिलीत सडा पडलेला,
दुसरीत बऱ्याचशा भिंती उभ्या.
किती नाचले होते मी त्या दिवशी,
एप्रनसकट, फ्रिजच्या आडोशाला.

पण ताटलीचे पाय सुजत नाहीत.
ताटलीला रक्तदाब नसतो,
ताटली रात्री पोटरीत पेटका येऊन
नर्सला हाक मारत नाही.
पोटॅशियम दोन पॉइंट सहा, मिस्टर हेपवर्थ.
जे राखतं तेच मीठ धरून ठेवतं, पाणी धरून ठेवतं,
आणि सोडू नये ते सोडून देतं.

हे सगळं त्याला सांगताना माझाच शब्द अडला.
इंग्रजीत लिव्हर म्हणजे लिव्हर, प्रश्न मिटला.
माझ्याकडे खाटकाच्या फळीवर असतं ते काळीज,
आणि घशाशी येतं, पाणी होतं, दगडाचं होतं,
ज्याला घरं पडतात, तेही काळीजच.
मग कुणीतरी त्याचं नाव यकृत ठेवून शाळेत घातलं
आणि काळीज सरकत सरकत
डाव्या बाजूला राहायला गेलं.
मला काय म्हणायचं होतं?
काळजी घ्या, एवढंच.
ते इंग्रजीत फार पातळ होतं.

मी पिशवी मागितली.
घराची किल्ली मागितल्यासारखा बघत राहिला.
मग तोंड वळवून, खिडकीकडे, दिली.
नियमाप्रमाणे हिरव्या थैलीत, वर चिठ्ठी:
पेशंटची स्वतःची औषधं.
नाव: लिकरिश. मात्रा: अंदाजे पाव किलो, रोज.
कधीपासून, या रकान्यात पेन थांबलं.
'बालपण' लिहिलं. खोडलं. 'माहीत नाही' लिहिलं.

संध्याकाळी बस किल्ल्याच्या पडक्या भिंतीवरून गेली.
इथल्या वाळूत म्हणे ही मुळं
माणूस उभा पुरला तरी खाली उरतील इतकी खोल जायची.
आता त्या जागी गाड्या उभ्या असतात.

चार तास झाले, पाणी प्याले, चहा प्याले,
जिभेवरून उतरत नाही.
उजव्या बरगडीखाली अंगठा टेकवला
आणि दाबून पाहिला,
थोडा जास्तच,
शिक्का उठेल इतका.