नाव कुणाचं घालू

पहिली गाडी उदगीर-लातूर, पाच पंचवीसची.
म्हणजे मी साडेतीनला ओट्याशी.
त्या वेळी डोळे अर्धे मिटलेले
आणि हाताला लागेल ते उचललेलं.
भांडं असं हवं
जे झोपेतल्या माणसाला माफ करील.

चुलत नणंदेनं दिलेला तो काळा गुळगुळीत तवा
दुसऱ्या दिवाळीलाच साल सोडू लागला.
धपाट्यांवरचे काळे ठिपके
मी आठवडाभर तीळ समजून खाल्ले.
जर्मनच्या पातेल्यात अंबाडी शिजवली
तर भाजी काळवंडली, पातेलं उजळलं.
कोण कुणाला खात होतं, देव जाणे.
शिवाय बूड फुगलेलं,
गॅसवर ठेवलं की खराब रस्त्यावरच्या गाडीसारखं डुलायचं.

सुट्टीच्या दिवशी गेले विश्वंभर कासारांकडे.
त्यांनी चकचकीत ते पुढं केलं.
मी आधी उलटं केलं.
भांडं बुडाकडून बघावं.
'बुडाला जड' ही माणसाला शिवी,
भांड्याला शाबासकी.

मग बोटानं वाजवलं.
सतरा वर्षं सुटे मोजलेत,
वाजवल्याशिवाय मी काही घेत नाही.
पातळ पत्रा 'टिंग' करतो आणि गप्प होतो.
जाड पातेलं जरा वेळ घेतं,
मग खालच्या आवाजात बोलतं,
बोलून झाल्यावरही थोडं उरतं.

कानाला तीन रिबिटी आहेत का पाहिलं.
रिबिटीमागं नख घालून पाहिलं,
डाळ तिथंच लपते, आणि वास तिथंच जन्मतो.
झाकण गोल फिरवलं.

"बाई, पाच वर्षांची हमी हाय, खोक्यावर लिवलंय."
असेल. पण खोक्यावर हे लिहीत नाहीत
की हे पाणी किती पितं.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
घासायला दोन बादल्या मागणारं भांडं
फुकट दिलं तरी महाग.
मूठभर राख आणि तांब्याभर पाण्यात निघेल
तेवढंच माझं.

दोन पातेली, एक कढई.
कासारांनी यंत्राचं बटण दाबलं.
"नाव कुणाचं घालू?"

माझ्या घरात सगळ्या भांड्यांना नावं आहेत.
कळशीवर मामांचं,
डब्यावर सासूबाईंच्या भावाचं,
ताटावर पतसंस्थेच्या चेअरमनचं,
ज्यांना मी कधी पाहिलं नाही
पण रोज त्यांच्या नावावर वरण ओतते.

"महानंदा बिरादार," म्हटलं.
"कुणाकडून?"
"महानंदा बिरादारकडून."
ते हसले. सुई करकरली, मध्येच थांबली.
"आधी सौ. लावू?"
"नको. नुसतं नाव."
त्यांनी वर पाहिलं नाही. बरं केलं.

तवा मात्र त्यांच्याकडं घेतला नाही.
स्टँडच्या भिंतीला शेवंता घिसाडीण बसते,
नवरा भाता ओढतो, ती घण मारते.
तिच्या तव्याला खोकं नाही, हमी नाही,
कडा एका बाजूला जरा झुकलेली.
"ह्याच्यावर नाव घालून देतीस का?"
"लोखंडावर नाव ऱ्हात न्हाई, बाई. तेल ऱ्हातं.
घासू नको, पूस.
पहिल्या चार भाकरी कुत्र्याला घाल,
पाचवी तुजी."

पाचवीही चिकटली.
सातवीही.
डेपोतली लंगडी कुत्री माझ्या गाडीची वेळ ओळखू लागली.
अकरावी की बारावी, मोजणं सुटलं,
एके पहाटे भाकर आपसूक सुटली,
कडेनं वाफ सोडत फुगली,
आणि मी उलथणं हातात धरून नुसती उभी.

नळेगावला डबा उघडला.
कलीमभाईंनी स्टिअरिंगवरूनच नाक वर केलं.
"काय बाई, आज करपल्याचा वास न्हाई.
तब्येत बरी हाय ना?"

मी भाकरीचा अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला
आणि डबल बेल दिली.