डाव्याची सही

पारडीच्या नाक्यावर टिप्परनं
माझा पाय मोडला नाही.
हाड शाबूत. नडगीवरचं बाकी सगळं
पायमोजा उतरवावा तसं घोट्यापर्यंत उतरलं,
आणि मी माझंच हाड पाहिलं.
पांढरं नसतं ते, ओल्या खोबऱ्याच्या पाठीसारखं पिवळट असतं.
तिकिटाची मशीन तेव्हाही गळ्यात होती
आणि गर्दीतून एक माणूस, शपथ सांगते, म्हणाला,
"मॅडम, माझे चार रुपये राह्यले."

मेडिकलला पाच वेळा धुतली जखम.
सहाव्या दिवशी डॉक्टर मोहरील खाटेवर टेकल्या.
केसपेपरच्या पाठीवर तीन नळ्या काढल्या,
दोनांवर फुली मारली.
"रक्ताची ही एकच उरली. हिला हात लावायचा नाही.
आणि उघड्या हाडावर नुसती साल धरत नाही.
डाव्या पोटरीचं घेऊ, चरबीसकट.
एक कड डाव्यालाच राहील,
बाकीचं उजव्यावर शिवू.
तीन आठवडे दोन्ही पाय एकमेकांना बांधलेले."
"मंग तंवर ते जगते कशावर?"
"डाव्याच्या रक्तावर. उजवा हळूहळू आपल्या नळ्या धाडतो."

दोन सह्या घेतल्या माझ्याकडून.
उजव्यासाठी एक, डाव्यासाठी एक.
डाव्याचा काय संबंध होता?
तो तर अजून बसच्या पायरीवरच होता.

नवतपा सुरू झाला होता.
कूलरमधलं पाणी दुपारी संपायचं,
भाऊ भूपेश बादली घेऊन जिना चढायचा.
बारा वर्षं मी लोकांना म्हणत आले,
सरका थोडं, तिघं बसतात,
आणि आता माझेच दोन पाय
एका सीटवर, तोंड फिरवायलाही जागा नाही.
दर तासाला सिस्टर लिल्हारे बोटानं दाबायच्या.
पांढरं व्हायचं,
मग कडेकडेनं गुलाबी.
"आलं," म्हणायच्या,
नळाला पाणी आलं म्हणावं तसं.

एका दुपारी उजव्या नडगीवर माशी बसली
आणि डाव्या पोटरीला कळलं.
मी ओरडलेच.
शेजारच्या खाटेवरून आमगावच्या पटलेकाकू म्हणाल्या,
"जावा-जावा आहेत बाई, एका घरात घातल्या.
घेतील पटवून."

पंधराव्या दिवसापासून डाव्याकडची वाट
रबरी नळीनं आवळायला लागले.
आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन.
सवय लावायची.
लेकरू अंगावरून तोडतात तसं.
काळंनिळं पडलं की सोडायचं.
सोडलं की मला रडू यायचं, कशाचं ते कळायचं नाही.

एकविसाव्या दिवशी कापलं.
त्या रात्री पाय मोकळे होते
आणि मी गुडघे जुळवूनच झोपले.
सकाळी त्या नव्या मांसावर बोट ठेवलं.
काहीच नाही. दुसऱ्याच्या घराचं दार वाजवावं
आणि आत कुणी नसावं.

आता परत बर्डी–पारडी.
शेवटच्या सीटवरच्या बाया विचारतात,
उजव्यावर ते काय फुगलं, दुखते का?
डाव्याला कुणी विचारत नाही.
तिथं बशीएवढी खोलगट जागा आहे,
मांडीच्या पातळ सालीनं झाकलेली,
ऊन लागलं की चकाकते.

जानेवारीत, पहाटेच्या पहिल्या फेरीला,
दार नीट लागत नव्हतं.
वारा आत येत होता
आणि उजव्या नडगीला गार लागलं.
आठ महिन्यांनी, पहिल्यांदा.
मी खाली वाकले
आणि डावी पोटरी चोळली.
चुकून.
तसं चुकूनही नाही.