जर्मलची चाकं

दस्तगीरनं टायर उतरवून दिले, पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, आधी चकाकू देत, मग बघू.
दोन्ही चाकं पोत्यात घालून
अनगोळच्या चढानं सायकल ढकलत आणली.

शेवंता दारातच.
हे काय आणलासा?
चाकं.
आणि गाडी?
गाडी निपाणीला, मेव्हण्याच्या परसात, ताडपत्रीखाली.
तिनं एका आऱ्यावर नख मारून बघितलं.
जर्मलची की ही!
आणि आत गेली.

रंग काढायला कुणी कॉस्टिक सुचवलं.
तीस वर्षं उद्यमबागेत, फौंड्रीत काढली मी.
कॉस्टिक आणि जर्मल समोरासमोर आले की काय होतं
ते या डाव्या मनगटाला विचारा.
साधं रिमूव्हर आणलं, झिजका ब्रश, आणि वाट बघत बसलो.
पावसात भिजल्या पोस्टरासारखा रंग सुटला.
काळ्याखाली चंदेरी, चंदेरीखाली परत काळा,
त्याच्याखाली एका आऱ्यावर पिवळा-तांबडा पट्टा
आणि दुसऱ्या चाकावर भगवा.
एकच गाडी, मालक दोन असणार.
रिमूव्हरला दोन्ही सारखेच.
दोन्ही एकाच कागदावर खरवडून घेतले.

पुढं पाणी लागतं.
नळ आठव्या दिवशी, आज पाचवा.
शेवंतानं एक तांब्या मोजून ठेवला, यातच काय ते.
दोनशेवीस नंबर, चारशे, आठशे, पंधराशे,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ओले कागद एकावर एक.
प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पुसतो
आणि स्वतःचे ठेवून जातो.
चमक म्हणजे एवढंच,
ओरखडे इतके बारीक
की डोळा नाद सोडतो.

दुपारी आऱ्याच्या बुडाशी
टाचणीच्या टोकाएवढं भोक निघालं.
ब्लो-होल.
शनिवारच्या बाजारात जुना गाववाला भेटावा, तसं वाटलं.
रस ओतताना कुणाचं तरी लक्ष नव्हतं त्या दिवशी.
लेकराला ताप असेल,
किंवा पाळी संपायला पाचच मिनिटं असतील.
इन्स्पेक्शनला सापडलं नाही, वर रंग बसला,
चाक हजारो मैल फिरून आलं.
त्याचं नाव कुठं नाही. भोक आहे.
मी ते भरलं नाही.

मग पॉलिश. मऊ फडकं, शेवंताच्या जुन्या परकराचं.
दोन फेऱ्यांत काळं.
दुसरं घेतलं, तेही काळं. तिसरंही.
भिंतीपलीकडनं हुक्केरी अज्जा केव्हाचा बघत होता.
साकु बिडो, म्हणाला.
इन्ना स्वल्प, म्हटलं मी.
एष्टु होलसु! केवढा मळ रे हा!
मळ नव्हे अज्जा,
मळ कालच गेला.
हे चाकच निघतंय.
त्यानं तंबाखू मळायची थांबवली,
एकदा फडक्याकडं बघितलं, एकदा चाकाकडं,
आणि काही न बोलता परत मळू लागला.

लाखेचा हात देणार नाही.
दोन पावसाळ्यांत परत मंद होईल, होऊ दे,
ते त्याचं स्वतःचं पांघरूण आहे.

दिवेलागणीला शेवंता बाहेर आली,
हातात चहाचं पातेलं, बूड करपलेलं.
एवढं हात काळे केलासाच तर हेही घ्या.
घेतलं.

रेशनच्या दुकानातलं यंत्र माझं बोट ओळखत नाही.
वाळूनं रेघा खाल्ल्या, असं तो पोरगा सांगतो,
आणि प्रत्येक महिन्याला शेवंताला बोलवतो.
आता चाक उचलून कोनाड्यात ठेवताना
वरच्या कडेवर अंगठा टेकला.
काळ्या शाईत उमटावा तसा उमटलाय,
भोवरा, रेघा, डाव्या बाजूची जुनी चीर,
सगळा.

फडकं खांद्यावर आहे.
पुसतो की.
जरा दिवा इकडं आण.